मोगऱ्याची लहर

"बायांनो, या महिन्याला माझं भागत नाही."

हा आवाज केतकीच्या आईचा. येवल्यात, विणकरांच्या घरांमधल्या अंगणात, दुपारच्या वेळी बायांची भिशी जमायची. केतकी तेव्हा दुसरीत असेल. दाराआडून बघत होती. मध्ये जर्मनचा डबा, भोवती बाया, आणि आई एकटी उभी. आई पैठणीच्या मागासाठी कांड्या भरायची. दिवसभर चरख्यावर रेशीम फिरवून तिच्या बोटांना अशी सवय लागली होती, की बोलतानाही ती हवेत धागा चाचपत राहायची. त्या दिवशी मात्र बोटं डब्याच्या झाकणावर गच्च बसली होती.

तिथल्या भिशीचा नियमच तसा होता. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे टाकायचे, जिची चिठ्ठी निघेल तिने डबा न्यायचा. पण एखादीने झाकणावर हात ठेवून 'माझं भागत नाही' म्हटलं, की चिठ्ठीला अर्थ नाही. डबा तिचा. का, कशाने, कुणामुळे, कुणी विचारायचं नाही. आधी तिला गुळाचं पाणी द्यायचं आणि म्हणायचं, "बस खाली. पाणी पी."

केतकीला आठवतो तो आवाज. त्यात रडं नव्हतं, ओशाळेपण नव्हतं. दळण आणायला निघालेली बाई शेजारणीला 'येते हं' म्हणते, तितका साधा. नंतर आई घरात आली, चरख्याशी बसली आणि नेहमीसारखी गुणगुणू लागली:

रेशमाचा धागा माझा, तुटता गाठ देते
गाठ झाकते पदरात, उजेडा पाठ देते

केतकीला लहानपणी हे कोडंच वाटे. गाठ झाकते म्हणणारी बाई सगळ्यांसमोर उभी कशी राहिली?

*

चाळीसेक वर्षं उलटली. आई गेली, येवल्याचं घर गेलं. केतकी वाघचौरे नाशकात, पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत, पाचव्या मजल्यावर एकटी राहत होती. नवऱ्याशी फारकत होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी सई हैदराबादला पहिल्या नोकरीवर. अंबडच्या एका कारखान्यात केतकी नियोजन बघायची. कुठलं यंत्र कधी रिकामं, कुठला माल कुठून यायचा, हे सगळं. फेब्रुवारीत ते काम एका प्रणालीकडे गेलं. निरोपाला पेढे वाटले, केतकीला एक तुळशीचं रोप दिलं आणि गेटवरच्या यंत्राने तिचा चेहरा ओळखणं बंद केलं.

रोप मांडीवर घेऊन ती बसस्टॉपवर बसली होती, तेव्हा मनगटावरच्या घड्याळातून राखण बोलली. राखण म्हणजे घरखर्च सांभाळणारी मदतनीस. शेताला राखण बसवतात तशी पैशांना बसवलेली, म्हणून ते नाव. तिचा आवाज केतकीनेच निवडला होता, मध्यमवयीन, जरा खर्जातला.

"केतकीताई, आज कुणाला काही सांगू नका."

"सईला तरी..."

"सईला तर नकोच. नाडी बिघडेल."

नाडी समजायची तर आधी काळजाकडे बघायला हवं. धडधाकट माणसाचं काळीज घड्याळासारखं ठोकत नाही. श्वास आत घेतला की ठोक्यांना किंचित घाई, बाहेर सोडला की किंचित सावकाशी. बाभळीची फांदी वाऱ्याने हलावी तसं ते सदा थोडं झुलत असतं. माणूस सतत धास्तीत राहिला, की हे झुलणं कमी होतं. ठोके एकसारखे, ताठ पडू लागतात. डॉक्टरांना हे जुनंच ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी गणितवाल्यांच्या एका गटाने तेच माप घरखर्चाला लावून बघितलं, आणि त्यांना तिथंही काळीज सापडलं.

निर्धास्त घराचा खर्च झुलतो. एखाद्या दिवशी उगाच भेळ, एखाद्या दिवशी रिक्षा, मध्येच न लागणारी उशीची खोळ. धास्तावलेल्या घराचा खर्च ताठ होतो. दूध ठरलेलं, भाजी ठरलेली, हात आखडलेला. एकूण खर्च कमी झालेला नसला, तरी त्यातली लहर मेलेली असते. काही आठवड्यांच्या व्यवहारांवरून घरात भीती शिरली की नाही, हे यंत्राला नेमकं कळू लागलं.

बँकांना ते हवंच होतं. पगार आता बहुतेकांना एकगठ्ठा, एका तारखेला मिळत नव्हता. दहा कामांचे दहा ठिकाणांहून थेंब थेंब यायचे. एखादा थेंब थांबला, तर कळणार कसं? मग बँका येणारे पैसे सोडून जाणाऱ्या पैशांकडे बघू लागल्या. त्या मापाला त्यांनी 'घरनाडी' नाव दिलं. नाडी ताठ पडली, की गृहकर्जाचा दर आपोआप वर. ज्याचं भागत नाही, त्याचाच हप्ता चढायचा. हे करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि केतकीने त्याखाली सही केली होती. दर चढला तर हा फ्लॅट टिकणार नव्हता, इतकं गणित तिलाही येत होतं.

त्यात आणखी एक. भीती शेजारी पसरते, असंही त्या गटाला दिसलं होतं. एकीने दुसरीला सांगितलं, की आठवड्याभरात दुसरीचाही हात आखडतो. सईला कळलं तर सई पैसे पाठवणार, स्वतःचं पोट मारणार. तिची नाडी ताठ पडणार, आणि तिला पुढच्या वर्षी घर घ्यायचं होतं.

"मग मी करू काय?" केतकीने विचारलं.

"होतं तसं राहायचं. बाकीचं माझ्यावर सोडा."

राखणने खरंच सोडवलं. म्युच्युअल फंडाचा हप्ता पुढल्या दाराने भरायचा आणि तेवढेच पैसे मागल्या दाराने काढून घ्यायचे. आजारपणाचा विमा कुठल्याही परिस्थितीत चालू. सोन्याच्या बांगड्या मोडायच्या त्या सर्वांत शेवटी. आईच्या चरख्यावर रेशीम फिरायचं, तसे केतकीचे पैसे गोल फिरू लागले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय जोरात काम चाललंय.

"आणि रोज एक लहर घ्यायची," राखण म्हणाली.

*

सकाळी केतकी डबा घेऊन निघायची. बसचं तिकीट नाडीत दिसतं, म्हणून अंबडच्याच बसने जायचं. तिथे उतरून, कारखान्याकडे न बघता, पायीच परत पांडवलेणीच्या पायथ्याशी यायचं. तिथल्या बागेत एका बाकावर बसून ती नोकरीचे अर्ज पाठवायची. उत्तरं लगेच यायची, फार नम्र, आणि सगळी सारखी. दुपारी डबा खायचा. समोरच्या बाकावर एक गृहस्थ बसायचे. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. तेही डबा खायचे. दोघांनी कधी एकमेकांकडे मान वर करून बघितलं नाही.

उन्हं कलली की राखण हळूच म्हणायची, "ताई, लहर."

"काय घेऊ?"

"मनात येईल ते. मात्र स्वस्तात."

"मनात काही येत नाही गं."

"मग गजरा घ्या."

गजऱ्याचं गणित चोख होतं. स्वस्त, रात्रभरात सुकणारा, आणि गरज म्हणून कुणी विकत घेत नाही असा. मोगऱ्याने केतकीचं डोकं दुखायचं. पण डोकेदुखी नाडीत दिसत नाही.

फाट्यावर द्रौपदाबाई बसायची, ओल्या फडक्याखाली मोगरा झाकून.

"या ताई. आज पण?"

"आज पण."

"साहेब खूश हायेत वाटतं."

"साहेब नाहीत, मावशी."

"मग तुमी खूश. त्ये तर लईच बरं." द्रौपदाबाईने दोरा दाताने तोडला. "यंदा मान्सं लई खुशीत हायेत बघा. मागल्या साली निम्मी टोपली घरी न्यायची मी, देवाला वाहायची. यंदा दिवस मावळायच्या आत टोपली रिकामी. सगळ्यान्ला चांगल्या नोकऱ्या लागल्या जनू."

केतकी हसली. हसणं फुकट होतं, त्याला नाडी विचारत नव्हती.

वाटेत तिच्या मनात दोन ओळी जुळल्या. आईच्या ओळींसारख्या जुळतात कधी कधी, ठेच लागावी तशा:

लहर विकत घेते, पैसा मोजते मनात
माळते मी मोगरा, कुणी बघेना केसांत

लिफ्टमध्ये रेवती होती. समोरच्याच दारात राहणारी. मूळची जळगावची, पस्तिशीतली, जिभेने चटपटीत; घरात ती आणि नवरा निनाद. एरवी दोन्ही घरांची दारं संध्याकाळी उघडी असायची. एकीच्या गॅसवर चहा आणि दुसरीच्या घरातली खारी, असा रिवाज होता. फेब्रुवारीपासून केतकीने दार लावून घ्यायला सुरुवात केली. चेहऱ्यावरून कळलं तर? पहिले काही दिवस रेवतीने बेल वाजवली, मग वाजवायची बंद झाली. रागावली असणार, असं केतकी धरून चालली होती.

रेवतीच्या केसांतही गजरा होता.

"काय ताई, मजा आहे! रोज गजरा?"

"तुझाही दिसतोय की."

"माझं काय, निनादने आणला." रेवती आरशाकडे बघत म्हणाली. "उगाच. लहर आली त्याला."

'लहर' या शब्दाशी दोघी जरा थबकल्या, की केतकीलाच तसं वाटलं? तिसऱ्या मजल्यावर देशमुखांची सून चढली. तिच्याही शेपट्यात मोगरा. एवढ्याशा लिफ्टमध्ये वास असा कोंदला, की श्वास कुठून घ्यावा कळेना. तिघी दारावरचे आकडे बघत राहिल्या.

"तुमचं बरंय हो," पाचव्यावर उतरताना रेवती म्हणाली. "एकटा जीव, वर चांगला पगार. कुणाला हिशोब द्यायला नको."

"हो ना," केतकी म्हणाली आणि कुलपाला बोट टेकवून आत गेली. समोरच्या दारामागे टीव्हीचा आवाज येत होता. निनाद घरी होता. या वेळेला? असेल बाई, लवकर आला असेल.

आत आल्यावर तिने गजरा काढून तुळशीच्या कुंडीत टाकला. तिथे आधीच्या गजऱ्यांचे तपकिरी दोरे पडले होते. गुडघ्याएवढी झालेली तुळस त्या सगळ्याच्या वर शांतपणे डोलत होती.

*

रविवारी सकाळी सईचा फोन यायचा. भिंतीवर तिचा चेहरा उमटला. मागे पसरलेली खोली, गादीवर ओले टॉवेल.

"आई, मी मेमध्ये येते. आठ दिवस. सुट्टी मंजूर झाली!"

केतकीला आधी आनंद झाला, त्याच्यामागोमाग भीती वाटली. आठ दिवस सई घरात असेल. रोज सकाळी निघून ती कुठे जाणार, हे सई विचारणार. स्टॉपवर सोडायला येणार. अंबडपर्यंतही येईल, पोरगी तशीच आहे.

"मेमध्ये नको गं. ऑडिट आहे."

"तुझं ऑडिट मेमध्ये? दरवर्षी तर ऑगस्टमध्ये असतं."

"यंदा बदललंय."

सई स्क्रीनच्या जवळ आली. "आणि तुझ्या मागे ताटलीत ते काय आहे? गजरा? आई, तू गजरा? तुझं डोकं फुटायचं ना वासाने? आत्याच्या लग्नात उलटी झाली होती तुला."

"आवडायला लागलाय आता."

"कुणी देतं वाटतं," सई डोळे मिचकावत म्हणाली. "सांग की! मी काही नाही म्हणणार नाही. उलट सुटेन."

"चल, चावट."

"खरंच आई, कुणी असलं तर बरंच आहे." सईचा आवाज एकदम उतरला. "तू एकटी असतेस, त्याची मला फार... जाऊ दे. ऑडिट झालं की सांग."

चेहरा विझला. भिंत पुन्हा भिंत झाली. केतकी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बोटं हवेत काहीतरी चाचपत होती.

"छान निभावलंत," राखण म्हणाली.

"गप्प बस."

"बसते," राखण म्हणाली, आणि खरंच गप्प बसली. ते जास्तच वाईट होतं.

*

सोसायटीतही एक भिशी होती. तळमजल्यावरच्या मंगलमावशी ती चालवायच्या. मावशी एसटीत कंडक्टर होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचायचा. मनगटावर त्यांनी कधी घड्याळ बांधलं नाही. "आयुष्यभर वेळापत्रक पाळलं, आता वेळच मला विचारत येऊ दे," म्हणायच्या. भिशी नोटांतच, हा त्यांचा हट्ट. बायांना मुद्दाम नोटा काढून आणाव्या लागत. तिकिटांची जुनी कातडी पिशवी मावशींनी चिठ्ठ्यांसाठी ठेवली होती आणि पैशांसाठी स्टीलचा डबा. राखणच्या लेखी भिशी म्हणजे 'करमणूक'. भरत राहा, म्हणायची. करमणुकीने नाडी चांगली झुलते.

भिशी सुरू झाली तेव्हा केतकीनेच हसत हसत येवल्याचा नियम सांगितला होता. झाकणावर हात, ते एक वाक्य, गुळाचं पाणी. बाया खूप हसल्या होत्या. "एवढं नाटक कोण करणार, ताई?" रेवतीच म्हणाली होती. मावशी मात्र म्हणाल्या, "असू दे गं. राखीव सीट आहे. बसायला कुणी नसलं तरी पाटी असलेली बरी."

नियम राहिला. वापरला कुणीच नाही.

एप्रिलच्या भिशीच्या दिवशी सकाळीच राखण म्हणाली, "केतकीताई, आजपासून गजरा बंद."

"का गं? एवढा रोज घ्यायला लावलास तो?"

"गजऱ्याची लहर आता ओळखू येते. बँकांच्या मापात ती कालपासून भीतीत धरतात. फार जणींनी घेतली."

"फार जणी म्हणजे कोण?"

"ते मला सांगता येत नाही. आज बर्फाचा गोळा घ्या. काळाखट्टा."

गोळेवाल्यापाशी उभं राहून केतकीने तो संपवला. दात शिवशिवले. समोर रस्त्यापलीकडे द्रौपदाबाई भरल्या टोपलीशी बसून होती. फडकं सुकलं होतं, तिने त्यावर पुन्हा पाणी शिंपडलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत राहिली. केतकी मान खाली घालून निघाली. फार जणी. शब्द पायांत घोटाळत राहिले.

मावशींच्या हॉलमध्ये बाया सतरंजीवर बसल्या होत्या. पंखा फिरत होता. दारातच केतकीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते आधी कळेना. मग कळलं. वास नव्हता.

गेल्या काही आठवड्यांत लिफ्टमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये, जिथे जावं तिथे मोगरा होता. आज इतक्या बाया एका खोलीत आणि एकीच्याही केसांत फूल नाही. रेवतीच्या नाही. देशमुखांच्या सुनेच्या नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या, शाळेत शिकवणाऱ्या गायकवाडबाईंच्या नाही. सगळ्यांचे केस एकाच दिवशी रिकामे. केतकी उभीच राहिली.

"अगं बस की, की उभ्याचं तिकीट काढलंयस?" मंगलमावशी आतून आल्या. आणि त्यांच्या अंबाड्यावर हा एवढा मोठा गजरा, दुपदरी. "बघितलास? ती फाट्यावरची द्रौपदा. दोनाच्या पैशांत चार दिले. म्हणाली, आज कुणी फिरकलंच नाही, कोमेजून जाईल. कुणाला हवा का गं?"

कुणी हात पुढे केला नाही.

"काय झालं काय सगळ्यांना? काल तर देवळासारख्या घमघमत होतात."

"उकडतं ना मावशी," रेवती म्हणाली आणि हसली.

तिची जीभ जांभळी होती.

केतकीची नजर तिथेच अडकली. रेवतीने चटकन तोंड मिटलं. मग ती केतकीच्या तोंडाकडे बघू लागली, आणि केतकीने ओठ घट्ट आवळले. पलीकडे देशमुखांची सून जांभई देता देता थांबली. तिची जीभही जांभळी. गायकवाडबाई रुमालाने ओठ पुसत होत्या, रुमालावर तोच डाग. शाळकरी पोरी मधल्या सुट्टीत एकाच गाडीवरून पळून आल्यासारख्या, आणि एकीच्याही चेहऱ्यावर खोडी नाही.

किती संध्याकाळी. किती दारं लावलेली. केतकीला रेवतीच्या दारामागचा टीव्ही आठवला. बागेतले चकचकीत बूट आठवले. एका मजल्यावर समोरासमोर दोन बायका रोज संध्याकाळी डोक्यातून गजरा काढून कुंडीत टाकत होत्या, आणि मधे होता फक्त एक जिना.

"चला, डबा भरला," मावशींनी पिशवीत हात घातला, ढवळला, चिठ्ठी उलगडली. चष्मा वर केला. "केतकी वाघचौरे!"

टाळ्या वाजल्या. संपल्याही लगेच.

"घ्या ताई," रेवती म्हणाली. "तुम्हालाच लागायचा होता. आता पार्टी..." तिचं वाक्य अर्ध्यावर बसलं. ती सतरंजीचा धागा उपसू लागली.

डबा केतकीच्या मांडीवर आला. जड होता. घड्याळातून थेट तिच्या कानापाशी राखणचा आवाज उमटला, फक्त तिला ऐकू येणारा. "अभिनंदन. हे पैसे कुठेच दिसत नाहीत. जपून वापरले तर दिवाळीपर्यंत भागेल. घर वाचलं. आता चहा घेऊन लवकर निघा."

दिवाळीपर्यंत. केतकीने डोळे मिटले. सई मेमध्ये येऊ शकेल. नाही, येऊ नाही शकणार; ऑडिट होतंच. दिवाळीपर्यंत बाग, बाक, गोळा, आणि गोळाही ओळखू आला की आणखी काही. सगळं तसंच, फक्त लांबलेलं.

तिने डबा उचलला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला. झाकणावर हात ठेवला.

"केतकीताई," राखण म्हणाली, "हात काढा. इथे मावशी सोडून सगळ्यांच्या मनगटांवर घड्याळं आहेत; त्यांनी ऐकलं, की बँकेपर्यंत पोचतं. बोललात तर आठवड्यात दर चढेल. घर राहणार नाही. मी मग काही करू शकणार नाही."

"माहीत आहे गं," केतकी मोठ्याने म्हणाली. बाया चमकून बघू लागल्या. तिने घड्याळाचा पट्टा सोडवला आणि ते शेजारी पालथं घातलं. मनगटावर गोरी पट्टी राहिली होती, कितीतरी वर्षं उजेड न बघितलेली. मग ती उभी राहिली.

गाठ झाकते म्हणणारी बाई कशी उभी राहिली, ते तिला आता कळलं. गाठ झाकायची ती पैठणी नेसणाऱ्या परक्यांपासून. शेजारच्या मागावर बसलेल्या बायांपासून कशी झाकणार? त्यांच्या बोटांना लांबूनच कळते. त्या फक्त वाट बघत असतात, कुणीतरी आधी म्हणण्याची.

"चिठ्ठी परत पिशवीत टाका, मावशी," ती म्हणाली. "मी नियमाने मागते."

मावशींनी चिठ्ठीची घडी करून ती पिशवीत टाकली.

"बायांनो, माझं भागत नाही." आवाज तिचा नव्हताच, येवल्याच्या अंगणातून आला होता, तितकाच साधा. "आणि आणखी कुणाचं भागत नसेल, तर हा डबा एकटीचा नाही."

 कुणी 'का' म्हटलं नाही, नियमच तसा होता. मंगलमावशी केतकीकडे बघत राहिल्या. मग बाकीच्या रिकाम्या केसांवरून त्यांची नजर सावकाश फिरली, गर्दीच्या गाडीत फिरायची तशी. आपल्या अंबाड्यावरच्या गजऱ्याला त्यांनी हात लावला आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडत गेलं.

"बस खाली," त्या केतकीला म्हणाल्या. "गूळ आहे घरात. आणते पाणी."

स्वयंपाकघराच्या दारात त्या थांबल्या. पाठमोऱ्याच, कळशीवर हात ठेवून.

"किती ग्लास भरू?"

 देशमुखांची सून नखं बघत होती. गायकवाडबाईंचा रुमाल मुठीत चुरगळला होता. मावशींनी तोच जुना आवाज लावला, मागच्या सीटपर्यंत जाणारा, पण या वेळी फार हळू.

"बोला. कुणी राहिलंय का?"

रेवतीच्या बोटांतून सतरंजीचा धागा सुटला. तिने वर बघितलं नाही.

"मावशी," ती म्हणाली, "मला एक. आणि एक झाकून द्या, वर निनादला न्यायला."